फुलाकाकूंचा बुधवार

आर्वीच्या एसटी डेपोकडे जाणाऱ्या रस्त्यावर दर बुधवारी सकाळी कोणी ना कोणी फुलाकाकूंना हटकायचंच. "कुठं निघाल्या वो फुलाबाई?" आणि फुलाकाकू न थांबता सांगायच्या, "कुठंच नाई." विचारणारा चक्रावायचा. अंगावर इस्त्रीचं पातळ, पायात बाहेरची चप्पल, खांद्याला पिशवी, आणि म्हणे कुठंच नाही! एखाद्यानं चिकाटी धरून "तरी पन?" म्हटलं, तर मात्र त्या थांबायच्या, कमरेवर हात ठेवायच्या आणि विचारायच्या, "काऊन? तुमाले सांगून जा लागते का?" मग त्या माणसाला आपली राहिलेली कामं आठवायची.

आणि खरंच त्या कुठंच जात नसत. डेपोत जी गाडी लागलेली असेल तिच्यात बसायच्या. पाटी पुलगावची असली तर पुलगाव, आष्टीची असली तर आष्टी. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर त्यांना रानच मोकळं झालं होतं. उतरायचं, स्टँडवर चहा घ्यायचा, भजी खायची, बाकावर बसून येणाजाणाऱ्यांची तोंडं बघायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. ना देव, ना दवाखाना, ना नातेवाईक. मी एकदा विचारलं, "काकू, मग करता काय तिथं?" तर म्हणाल्या, "काईच करत नाई, मॅडम. तेच तं करायले जातो."

मी तेव्हा आर्वीतल्या एका शाळेत शिकवत होते (शाळा सकाळची, शनिवार-रविवार सुट्टी) आणि त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. दोन्ही घरांना मिळून एकच भिंत, त्यामुळे त्यांच्या घरातलं भांडं पडलं तरी मला कळायचं. नाव पंचफुला. आवाज असा की समोरासमोर बोलतानाही पलीकडच्या गल्लीशी बोलत असाव्यात असं वाटे. त्यांचे यजमान देवरावजी डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. राहिलं ते फक्त एक "अरे" आणि एक शिवी. या दोन शब्दांवर देवरावजी सगळा संसार रेटत. भूक लागली की अरे, पाठ अवघडली की शिवी, आणि काकूंवर फारच राग आला की दोन्ही.

मुलगा पुण्याला. रोज फोन करायचा आणि रोज तेच म्हणायचा, "आई, बाई लाव ना एखादी." काकूंनी बाई लावूनही बघितली होती. एकीनं आठवड्यात काम सोडलं, दुसरी दुपारभर मोबाईलमध्ये. तेव्हापासून उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, चादरी धुणं, सगळं काकूंच्या अंगावर. धिप्पाड नवऱ्याला कुशीवर वळवताना त्या जोरात ओरडायच्या, "हं, चला इंजिन!" आणि पलीकडून शिवी ऐकू यायची.

लोकांनी त्यांचं कौतुक केलं की त्यांचं डोकं फिरायचं. "काय सेवा करून राह्यली वो बाई नवऱ्याची!" असं कोणी म्हणालं की त्या ताबडतोब दुरुस्ती करायच्या. "सेवा देवाची करतेत. हे काम हाय. काम म्हना, काम." आणि मग बोट उगारून, "कामाले सुट्टी असते."

हा सुट्टीचा विचार त्यांच्या डोक्यात कधी आला ते मला माहीत आहे, कारण त्या दिवशी दवाखान्यात त्यांच्यासोबत मीच गेले होते. अंगात ताप, कंबर धरलेली, डोळे खोल गेलेले. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्यानं तपासून सांगितलं, "मावशी, औषध देतो, पण तुम्हाला आरामाची गरज आहे." काकूंनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, तो कोन्त्या मेडिकलात भेटते?" डॉक्टर हसला. काकू हसल्या नाहीत. परत येताना रिक्षात त्या बोटांवर आठवड्याचे वार मोजत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या वामनरावजींच्या दारात उभ्या होत्या. वामनरावजी एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, देवरावजींचे जिगरी दोस्त. लकवा मारल्यावर पहिला महिनाभर रोज आले, मग यायचे बंद झाले. ज्याच्याशी जन्मभर गप्पा मारल्या तो आता बोलत नाही, तर त्याच्यापुढे बसून करायचं काय, या संकोचानं ते पलीकडच्या रस्त्यानं जाऊ लागले होते. काकूंनी त्यांना दारातच धरलं. "बुधवारी सकाळी येजा. दिवसभर बसजा."

"मी? अन् मी काय करू तिथं, वहिनी?"

"पत्ते खेळा."

"तो कसा खेळन एका हातानं?"

"तुमच्याच्यानं दोन हातांनी कुठं जिंकनं होते? तो एका हातानं जिंकन."

आणि खरंच देवरावजी डाव्या हातानं जिंकायला लागले. वामनरावजींनी लाकडाच्या पट्टीला खाच पाडून तिच्यात पत्ते उभे राहतील अशी सोय केली. बुधवारी आमच्या भिंतीपलीकडून जो गोंधळ ऐकू यायचा तो बाकीचे दिवस नसे. वामनरावजी डाव लपवायचे, देवरावजी शिव्या द्यायचे. मिरची-भजी आणली जायची, बिडीचा वास यायचा. काकू संध्याकाळी परतल्या की दोघंही चोरी पकडलेल्या पोरांसारखे गप्प बसत. काकूंना सगळं कळायचं. मला म्हणाल्या, "त्याईलेही माह्यापासून सुट्टी पाह्यजे होती, मॅडम. चोवीस घंटे माहं थोबाड पाहून तो मानूस कटाळला होता."

पण गल्लीला हे पचत नव्हतं. बाई घराबाहेर जायला हरकत कोणाचीच नव्हती. लग्नाला जा, बारशाला जा, मरणाला जा, दर्शनाला जा. कारण सांगून जा. बिनकारणाची बाई गल्लीला दिसत नाही, आणि दिसली तर सहन होत नाही. देवरावजींचा धाकटा भाऊ मारोती मागच्याच गल्लीत राहायचा. तो ओट्यावर बसून येणाजाणाऱ्याला ऐकवायचा, "भाऊ तिकडं पडला हाय, अन् वहिनी एसटीच्या हवा खाऊन राह्यली." स्वतः मात्र बुधवारी भावाजवळ तासभरही बसायला कधी आला नाही.

एका बुधवारी काकूंना डेपोत वर्ध्याची गाडी लागलेली मिळाली. वर्ध्याला उतरल्या तर समोर समुद्रपूरची उभी होती, तीत चढल्या. समुद्रपूर म्हणजे काकूंचं माहेर, तिथं त्यांचा भाऊ. वर्ध्याच्या स्टँडवर गल्लीतल्याच एका बाईनं त्यांना पाहिलं. अंगावर फिकट पांढुरकं पातळ, तोंड गंभीर (काकू खिडकीसाठी भांडायच्या तयारीत होत्या), आणि गाडी माहेरची. बाईनं मनाशी हिशेब मांडला आणि घरी फोन लावला. फुलाबाईचा भाऊ गेला. घरच्यांनी शेजारी सांगितलं. दुपारपर्यंत गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन हात जोडलेली चित्रं येऊन पडली.

आमच्याकडे मरणाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकर घेऊन जातात. तेव्हा संध्याकाळी गल्लीतल्या बायका पिठल्याची गंजं आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन फुलाकाकूंच्या अंगणात जमल्या. मीही होते, माझ्याकडे मिरचीचा ठेचा होता. एकीनं अंगण झाडलं, दुसरीनं पाणी भरून ठेवलं. एकजण आत जाऊन देवरावजींची चादरही बदलून आली. वामनरावजींना काय चाललंय ते कळेना, देवरावजी "अरे, अरे" करत होते.

तेवढ्यात फुलाकाकू फाटकातून आत आल्या. हातात नवा कोरा बांगड्यांचा चुडा, तोंडात पान. आम्हा सगळ्यांना बघून थबकल्या. कोणीतरी हुंदका काढला. काकू तशाच आत धावल्या. देवरावजी पत्ते घेऊन बसलेले बघून बाहेर आल्या. "कोन मेलं?"

"तुमचा भाऊ नं वो..."

"माहा भाऊ? त्यानं तं दुपारीच मले गाडीत बसवून देल्लं. त्यालेच फोन करून इचारा, कधी मेला म्हनून. लय हासन तो."

मग एका म्हातारीनं विचारलं, "मंग गेलती कायले बाई माहेराले, कोनी मेलं नाई तं?"

"मी जित्ती हाओ म्हनून गेलती!"

बायका उठायला लागल्या, गंजं उचलायला लागल्या. काकूंनी हात आडवा केला. "ठेवा खाली. आनलं हाय तं खाऊन जा." आणि सगळ्यांना बसवून, वाढता वाढता, त्या जे बोलल्या ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "पाहा, कसं फटाफट केलं सगळ्याईनं. एकीनं झाडलं, एकीनं पानी भरलं, एकीनं आतलं पाह्यलं. कोनाले सांगा लागलं नाई. हे सगळं येते तुमाले. मानूस मेल्याबिगर करत नाई, एवढंच." आणि भाकरीचा तुकडा मोडून, "मी मेल्यावर येऊ नोका बापा. आता या."

त्या संध्याकाळी कोणी काही ठरवलं नाही. पण पुढच्या बुधवारी एकीनं देवरावजींसाठी वरण-भात पाठवला, आणि त्यापुढच्या बुधवारी दुसरीनं. हळूहळू गल्लीतच ज्या घरी असं सांभाळावं लागणारं माणूस होतं, त्या घरांकडे काकूंची नजर वळली. माणसांना धरून आणून बसवायची कामगिरी त्यांनी आपल्याकडे घेतली. कोणाचा रिटायर झालेला सासरा, कोणाची कॉलेज आटोपून घरी बसलेली नणंद, काकूंना कोणीही चालत असे. "रिकामा बसलाच हाये, तं तिथं बस," एवढंच त्यांचं म्हणणं.

अशा घरातली एक वनिता. तिशीतली, अबोल, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. सासूचं सगळं स्मरण गेलेलं, सुनेलाही ती "माय" म्हणायची, आणि डोळ्याआड झालं की उठून रस्त्यानं चालत सुटायची. वनिता कित्येक महिन्यांत किराण्याच्या पुढे गेली नव्हती. काकूंनी तिला शनिवार काढून दिला, देवरावजींकडे वामनरावजींना बसवून सासूजवळ स्वतः बसल्या, आणि हिला पुलगावच्या गाडीत बसवून द्यायला मला पाठवलं. मी बसवून आले. अर्ध्या तासात ही गल्लीच्या तोंडाशी हजर. पुढच्याच थांब्यावर उतरून चालत आली होती, डोळे रडून लाल. "मन लागत नाई वो काकू. म्हातारी काय करत असन?" काकू दारातच आडव्या झाल्या. "म्हातारी मजेत हाय. तुले आत यायचं नाई. सुट्टी पुरी कर." आणि तिला माझ्या ओट्यावर संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. बिचारी स्वतःच्या घराकडे तोंड करून बसली होती, समोरच तर घर. त्यापुढचा शनिवार मात्र तिनं पुलगावला काढला. येताना कानातले घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी ते घालून दिवसभर लाजत होती.

एका महिला दिनाला गावातल्या एका मंडळानं काकूंचा "आदर्श पत्नी" म्हणून सत्कार ठरवला. काकू गेल्या, कारण तो बुधवारच होता. शाल घेतली, नारळ घेतला, आणि माईक कोणी दिला नसताना तो हातात घेतला. "शाल बेस हाय. पन मले शाल पांघराले टाइम नाई. आपल्या गावात माह्यासारख्या लय बाया हायेत. ह्या स्टेजवरच्या सगळ्याईनं एकएक दिवस सांगा, कोन कोनाच्या घरी बसाले येते." प्रमुख पाहुणे गालातल्या गालात हसले, त्यांना वाटलं काकू गंमत करताहेत. काकू त्यांच्याकडे वळल्या. "साहेब, तुमचा सोमवार खाली हाये का?" साहेबांनी घड्याळात बघितलं. सूत्रसंचालक बाईंनी घाईघाईनं आभार मानले. मंडळातल्या दोघी मात्र पुढच्याच आठवड्यात काकूंचं घर शोधत आल्या, आणि येत राहिल्या, हेही सांगायला हवं.

लोक एक वाक्य मात्र पुन्हापुन्हा म्हणत. मारोती ते सगळ्यांत जास्त म्हणे. "एखाद्या बुधवारी ही नसन, अन् भाऊ जाईन. मंग समजन." काकूंच्या कानावर ते यायचं. ती भीती त्यांनाही असणार, कोणाला नसते? पण गाडी चुकवली नाही कधी.

आणि झालं तसंच. बुधवारीच झालं. दुपारचा डाव चालू असताना देवरावजींची मान खाली गेली. वामनरावजींना वाटलं, हा डाव हरतोय म्हणून झोपेचं सोंग घेतोय. हलवलं, हाक मारली, मग माझ्या दारावर धडका मारत आले. डॉक्टर आला, त्यानं नाडी बघितली आणि मान हलवली. काकूंना फोन मीच केला. त्या आष्टीच्या स्टँडवर होत्या. मी म्हटलं, "काकू, घरी या." त्यांनी विचारलं, "गेले?" मी हो म्हटलं. पलीकडून गाड्यांचे आणि कंडक्टरच्या ओरडण्याचे आवाज येत होते. मग त्यांनी विचारलं, "खेळून राह्यले होते?" मी म्हटलं, "हो, खेळतच होते." त्या म्हणाल्या, "येतो," आणि फोन ठेवला.

काकू आल्या तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. मारोती उठून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "फिराचं होतं नं वहिनी तुमाले. फिरा आता. मोकळ्या झाल्या." एकही माणूस त्याला गप्प बस म्हणाला नाही. मीही नाही. वामनरावजी कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसले होते. काकू आत गेल्या. देवरावजींजवळ बसल्या, त्यांचं तोंड पुसलं, आणि मग त्यांनी हंबरडा फोडला. रडल्याही त्या तशाच, अख्ख्या गल्लीला ऐकू येईल असं. रडून झाल्यावर पदरानं नाक पुसलं आणि मारोतीकडे वळल्या. "मी इथं असती, तं काय मरनाले हात धरून बाहेर काढलं असतं? माह्या हातची पातळ खिचडी खाताखाता गेला असता मानूस. तो दोस्तासंग पत्ते खेळताखेळता गेला. चांगला गेला." मग वामनरावजींना म्हणाल्या, "उठा तुमी. तुमाले कायची लाज?"

पण बोलून गल्लीचं मन बदलतं थोडंच. दुसऱ्या दिवसापासून कुजबुज सुरू झाली. बायका नळावर बोलायच्या, मी गेले की गप्प व्हायच्या. "पाह्यलं नं, म्हनत होतो का नाई." मंडळातल्या दोघींपैकी एकीनं यापुढे येणार नाही असं कळवलं. एका घरच्या सासूनं सुनेला सांगून टाकलं की आपल्याला हे सुट्टीचं खूळ नको. मला वाईट वाटलं, आणि संतापही आला. एवढ्या वर्षांत काकूंनी इंच इंच लढवून जे मिळवलं होतं ते देवरावजींच्या तिरडीबरोबरच उचललं जात होतं, आणि काकू सुतकात घरात बसून होत्या.

शनिवारी सकाळी मी दारात उभी होते. वनिता आपल्या ओट्यावर सासूचे केस विंचरत होती, घरच्याच साडीत. मी विचारलं, "जायचं नाही?" तिनं मान हलवली. "नाई जात मॅडम आता. कधीच नाई. मी तिकडं, अन् हिले काई झालं तं? लोकं मले जगू देनार नाई."

हे बोलणं भिंतीपलीकडे गेलं असावं. फाटक वाजलं आणि फुलाकाकू बाहेर आल्या. सुतकातल्या बाईनं तेरवीआधी दुसऱ्याच्या घरी पाऊल टाकायचं नसतं, हे आमच्या गल्लीत लहान पोरालाही माहीत. अंगणात सतरंजीवर बसलेली पाहुणेमंडळी, पुण्याहून आलेला मुलगा, सगळे बघत राहिले. मारोती ओरडला, "वहिनी! सुतक हाय!"

"म्हातारीले कुठं समजते सुतक," काकू म्हणाल्या आणि रस्ता ओलांडून सरळ वनिताच्या ओट्यावर चढल्या. तिच्या हातातली फणी घेतली. "जा. लुगडं बदल. गाडी निघन."

"काकू, नोको वो. काई झालं तं?"

"झालं तं झालं. तू इथं होती म्हनून म्हातारी अमर होनार हाये का? आन् तू नाई गेली, तं त्या लोकाईचं खरं होते. मंग कोनतीच बाई जात नाई. जा म्हनतो नं."

वनिता आत गेली आणि साडी बदलून आली. रडत होती, पण गेली. गल्लीच्या वळणापर्यंत मी तिच्याकडे बघत होते. परत वळून मी विचारलं, "काकू, दार लोटून घेऊ का? सगळे बघताहेत." त्या म्हणाल्या, "नोको. पाहू द्या."

त्या म्हातारीच्या मागं बसून फणी फिरवू लागल्या. पाच-दहा मिनिटांनी त्यांचा हात थांबला आणि खांदे हलायला लागले. म्हातारी मागे वळली. "काऊन रडून राह्यली वो माय?"

"माहा नवरा मेला."

"अवं माय माय!" म्हातारीनं काकूंच्या गालावरून हात फिरवला. "कधी?"

"बुधवारी."

म्हातारी हळहळली, चुकचुकली, आणि थोड्या वेळानं पुन्हा वळून तिनं तेच विचारलं, काऊन रडून राह्यली वो माय. काकूंनी पुन्हा तेच सांगितलं. म्हातारी पुन्हा तितकीच हळहळली. असं कितीदा झालं कोण जाणे. समोरच्या अंगणातली माणसं ऐकत होती, मारोती ऐकत होता, नळावरच्या बायकांनी बादल्या बाजूला ठेवल्या होत्या. आणि मग म्हातारीनं भाबडेपणानं तो प्रश्न विचारला, जो तीन दिवस अख्खी गल्ली काकूंच्या पाठीमागे विचारत होती.

"मंग तू कुठं होती वो तवा?"

फुलाकाकूंनी डोळे पुसले, ताठ बसल्या, आणि समोरच्या अंगणाकडे बघत, गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुट्टीवर होती, माय."